वळणावरचा पांढरा एप्रन

कॅल्डर, नेब्रास्का
४ ऑक्टोबर १९५१

लव्हिनियावन्सं यांस,

तुमच्या भावाच्या डब्यातून पाठवलेला ॲपल पाय पोचला. चांगला होता. इतका चांगला, की तुमच्या भावाने माझा स्ट्यू बाजूला सारून आधी तोच खाल्ला आणि वर मला विचारलं, "तू दालचिनी कमी घालतेस का गं?" सव्वीस वर्षं या माणसासाठी रांधतेय, वन्सं. एक दिवस गाडी घेऊन यायचं आणि माझ्याकडे जेवायचं, दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन जायचं आणि तुमच्या खाणावळीत जेवायचं, अशी नवऱ्याची वाटणीच रेल्वेने करून ठेवलीय. तक्रार कोणाकडे करणार?

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. बुधवारी चर्चच्या तळघरात आम्ही बायका गोधडी शिवायला बसलो होतो. माझ्या वेंडेलच्याच गाडीच्या गार्डाची बायको मॉडी, दोऱ्याचं टोक दाताने तोडत म्हणते, "ओपल, तुझा नवरा बेरिल कूम्ब्जच्या वळणावर शिट्टी किती ओढतो गं. आमचे हे म्हणत होते, डब्यातली माणसं हसायला लागतात." सगळ्या जणी खाली मान घालून टाके घालायला लागल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, मलाच तेवढं नव्हतं.

तुम्हीही रेल्वेच्याच घरातल्या, तुम्हाला काय सांगायचं? फाटकाच्या अलीकडे दोन लांब, एक आखूड, एक लांब, एवढं तर सगळेच ड्रायव्हर वाजवतात. पण वेंडेलची ती स्वतःची पितळी शिट्टी, कुठलंही इंजिन मिळालं तरी तो तीच चढवतो, आणि शेवटची लांब शिट्टी हळूच खाली आणतो. ती ऐकू आली की मी बटाटे उकळायला टाकते. मला वाटायचं, ती तशी फक्त माझ्यासाठी वाजते.

तर ही बेरिल कोण, ते मला नीट सांगा. सिग्नल दुरुस्तीवाल्या कूम्ब्जची विधवा, एवढं ठाऊक आहे. तुमच्या चर्चमध्ये येते म्हणे. वय किती, दिसते कशी, काही लपवू नका.

तुमची वहिनी,
ओपल

*

हार्लन स्प्रिंग्ज
९ ऑक्टोबर

ओपल,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अगं, वेंडेल एकावन्न वर्षांचा झाला. जेवून झालं की माझ्या खुर्चीत बसल्या बसल्या घोरतो. त्याच्या मागे लागणारी बाई शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल.

बेरिल अडतीसची आहे. दिसायला बरी आहे. कोंबड्या पाळते, चर्चमध्ये बेसूर गाते आणि कोणाच्या अध्यात मध्यात नसते. ते फाटक वळणावर आहे, पलीकडून येणाऱ्या ट्रकवाल्याला गाडी दिसत नाही, म्हणून शिट्टी जास्त वाजवावी लागते. झालं समाधान?

मॉडीचं काय ऐकतेस? तिला दुसऱ्याच्या घरात काडी टाकून शेकत बसायची हौस आहे.

आणि दालचिनी खरंच थोडी जास्त घालून बघ.

लव्हिनिया

*

कॅल्डर
१३ ऑक्टोबर

लव्हिनियावन्सं यांस,

नाही झालं समाधान.

ते फाटक कालपरवा बांधलेलं नाही. वळणही होतं तिथेच आहे. मग शिट्टी याच उन्हाळ्यापासून कशी लांबली? मॉडीला मी मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, जुलैपासून.

दुसरं ऐका. माझ्या विणकामाच्या टोपलीतून लोकरीच्या पाच लड्या गेल्या आहेत. दोन लाल, दोन हिरव्या, एक तपकिरी. नाताळासाठी मी त्याच्याच स्वेटरला आणल्या होत्या. घरात आम्ही दोघंच, आणि मांजराला लोकर पळवून नेता येत नाही. मी वेंडेलला विचारलं, "माझी लोकर पाहिलीस का?" तर तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "बघ, असेल कुठेतरी." सव्वीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता, म्हणून त्याला ते धड जमलंही नाही.

बेरिल कूम्ब्ज विणते का हो? तिच्या अंगावर यंदा लाल-हिरवा स्वेटर दिसला तर मला कळवा.

मी जळतेय, वन्सं. स्पष्टच लिहिते. आरशासमोर उभी राहून केस मोजते, पांढरे किती आणि काळे किती. मक्याच्या शेतात बुजगावणं दिसलं तरी मला ती उभी असल्यासारखी वाटते. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे माझ्या नशिबी यावं?

ओपल

*

हार्लन स्प्रिंग्ज
१७ ऑक्टोबर

ओपल,

तू काही वेडंवाकडं करू नकोस. माझ्यावर विश्वास ठेव आणि वीस नोव्हेंबरपर्यंत वेंडेलला एका शब्दाने काही विचारू नकोस. त्यानंतर काय ते तोच सांगेल. मी शपथेने बांधलेली बाई आहे, याहून जास्त लिहिता येत नाही.

लोकर सुखरूप आहे.

लव्हिनिया

*

कॅल्डर
२९ ऑक्टोबर

लव्हिनियाबाई,

"लोकर सुखरूप आहे." वा. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक आहे. आणि वीस नोव्हेंबरला काय आहे, हे कळायची मात्र मी तोंड दाबून वाट बघत बसायचं.

मी नाही बसले. शनिवारी बायकोच्या नावाचा फुकट पास पर्समधून काढला, डोक्यावर बहिणीची जुनी टोपी ओढली आणि वेंडेल इंजिनावर चढल्यावर शेवटच्या डब्यात उजव्या बाजूला जाऊन बसले. मॉडीच्या नवऱ्याने पासाला छिद्र पाडलं, माझ्याकडे पाहिलं आणि नजर चुकवून पुढे गेला. त्याने मला जास्त लागलं. दोन तास मी खिडकीला नाक लावून बसले होते. नदी आली, साखर कारखाना आला, बीटाचे ढीग आले, आणि मग ते वळण आलं.

दोन लांब, एक आखूड. मग शेवटची. वन्सं, ती त्याने किती ओढली! माझ्या वाट्याला त्याच्या निम्मीही येत नाही.

आणि ती बाहेर आली. धावत आली. पिवळ्या घरातून, हाताला पीठ लागलेलं, केस सुटलेले. कुंपणापाशी उभी राहून तिने अंगातला पांढरा एप्रन सोडला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला. इंजिन पुढे जाईपर्यंत तशीच धरून होती. गाडी वळत होती, त्यामुळे मला इंजिनाची खिडकीही दिसली. तिथून हातमोजा घातलेला एक हात बाहेर आला आणि वर झाला. तो हात मी ओळखते. तो हातमोजा मी शिवलेला आहे.

पुढच्या स्टेशनावर उतरले आणि मिळाली त्या गाडीने घरी आले. रडले नाही. तुमच्या दारात यायची इच्छा नव्हती, कारण मला वाटलं तुम्ही तिघंही टेबलाशी बसलेले असाल, माझा नवरा, ती आणि तुम्ही, आणि मधोमध ॲपल पाय.

माझी बॅग भरून ठेवली आहे. ओमाहाला बहिणीकडे खोली आहे. या रविवारपर्यंत तुमचं खरंखुरं पत्र आलं नाही तर मी निघेन, आणि मग तुमच्या भावाला तुम्ही रोज जेवायला घाला.

ओपल

*

हार्लन स्प्रिंग्ज
३१ ऑक्टोबर

ओपल,

बॅग रिकामी कर. शपथ मोडते. देव मला क्षमा करील आणि वेंडेल करणार नाही.

त्याला लाल आणि हिरवं कळेनासं झालंय.

कधीपासून, ते त्यालाही सांगता येत नाही. आधी सिग्नलला हात होते. हात वर की खाली, एवढं बघितलं की काम भागत होतं, रंगाकडे कोण बघतो? जुलैमध्ये आमच्या मार्गावरचे हात उतरवले आणि एकाच भिंगाचे नवे दिवे लावले. तोच दिवा हिरवा होतो, तोच लाल होतो. पहिल्याच दिवशी वेंडेल त्या दिव्यासमोर गेला आणि त्याला नुसता उजेड दिसला. त्या रात्री तो माझ्याकडे जेवला नाही. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून राहिला आणि म्हणाला, "लव्हिनिया, माझं संपलं."

मग आम्ही मार्ग काढला. त्याचा फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारा डेल, भला माणूस आहे. तो आपल्या बाजूने दिवा बघून मोठ्याने रंग सांगतो. तसं ते सांगतातच, रीतच आहे ती. फक्त वेंडेलने स्वतः बघून उलट सांगायचं असतं, ते तो डेलचं ऐकून सांगतो. पण बेरिलच्या वळणावर गाडी उजवीकडे वळते. डेल डावीकडे बसतो. त्याच्या डोळ्यांसमोर नुसता बॉयलर. तिथला दिवा ड्रायव्हरलाच दिसतो, दुसऱ्या कोणाला नाही.

तो दिवा बेरिलच्या अंगणासमोर आहे. नवरा सिग्नलवाला, तिला वेगळं शिकवावं लागलं नाही. मीच चर्चनंतर तिचा हात धरून तिला विचारलं. वेंडेल लांब शिट्टी देतो ती "बाहेर ये" म्हणून. हिरवा असेल तर ती एप्रन वर धरते. नसेल तर नुसती उभी राहते, मग तो गाडी थांबवतो. पांढरं त्याला दिसतं, ओपल. तू जे पाहिलंस ते एवढंच होतं.

वीस नोव्हेंबरला डोळ्यांची तपासणी आहे. डॉक्टर टेबलावर लोकरीच्या लड्या पसरतो आणि सांगेल त्या रंगाची उचलायला लावतो. तुझी लोकर त्यासाठी आणली त्याने. एक दिवसाआड माझ्या टेबलावर आम्ही तेच करतो.

तुला का सांगितलं नाही, हे मी त्याला दहा वेळा विचारलं. तो म्हणतो, "ओपलने मला इंजिनाच्या खिडकीत पाहून पसंत केलं होतं. खाली उतरलेला मी तिला कसा वाटेन?" आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी पंधराची. त्याचं दुखलं खुपलं की तो माझ्याकडेच येतो. तू याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

लव्हिनिया

*

कॅल्डर
११ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र वाचलं तेव्हा आधी जीव भांड्यात पडला. दुसरी बाई नाही. मी बॅग रिकामी केली, तोंड धुतलं, चहा केला. कप अर्धा झाला आणि मग पुन्हा पेटले. आधीपेक्षा जास्त पेटले.

बेरिलला माहीत. डेलला माहीत. तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत. माझ्या नवऱ्याचं दुःख सगळ्या मार्गावर वाटून झालं आणि मला उरली ती गोधडीवरची बातमी. बेरिलने माझा नवरा नेला असता तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. तुमचं काय करू? "त्याचं दुखलं खुपलं की तो माझ्याकडेच येतो" हे लिहिताना तुमचा हात जरासुद्धा थांबला नाही. वर वाईट वाटून घेऊ नकोस म्हणता. मी घेणार.

आता झालं ते ऐका. गुरुवारी तो घरी होता. दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. मी टोपली आणली, उरलेली सगळी लोकर त्याच्यापुढे ओतली आणि म्हटलं, "वेंडेल, हिरवी उचल."

तो माझ्याकडे बघत राहिला. कोणी सांगितलं, असंही विचारलं नाही. मग त्याने हात पुढे केला, लड्या चाचपल्या आणि विटेसारखी लाल लडी उचलून माझ्या हातात ठेवली. चेहरा असा, की शाळेत पहिला येणार आहे.

मी म्हटलं, "चूक."

"नीट बघ," तो म्हणाला. "लव्हिनियाकडे तर सगळ्या बरोबर येतात."

सगळ्या बरोबर येतात. मी आणखी दहा वेळा उचलायला लावल्या. सहा चुकल्या. वन्सं, तुम्ही त्याला खोटं सांगत होतात. तो जेवावा, त्याने शांत झोपावं, तुमच्याकडे आला की त्याला बरं वाटावं, म्हणून तुम्ही प्रत्येक लडीला बरोबर म्हणत होतात. आणि त्या खोट्याच्या भरवशावर हा माणूस मागे चार डबे माणसं घेऊन धावत होता. एखाद्या संध्याकाळी बेरिलला ताप आला असता तर? ती कोंबड्यांमागे परसात गेली असती आणि याने म्हटलं असतं, आता मला रंग येतात, लव्हिनियाकडे सगळे बरोबर येतात?

मी हे त्याला सांगितलं नाही. त्यालाच कळलं. लडी टोपलीत परत ठेवली, कोट घातला आणि वरिष्ठांच्या कचेरीत जाऊन इंजिन सोडलं. वीस तारखेची वाट पाहिली नाही. येताना पितळी शिट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. चार दिवस माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

एक गोष्ट कबूल करते, कारण कोणाजवळ तरी केली पाहिजे. "चूक" म्हणताना क्षणभर मला आनंद झाला. आता हा रोज घरी, असं मनात आलं. तुमचं टेबल नाही, तिचा एप्रन नाही. मग मी त्याचा चेहरा पाहिला. तो आनंद आता माझ्या घशाखाली उतरत नाही.

ओपल

*

हार्लन स्प्रिंग्ज
१८ नोव्हेंबर

ओपल,

मिळालं ना हवं ते?

मी त्याला हळूहळू उतरवणार होते. वीस तारखेला डॉक्टरने सांगितलं असतं, परक्या माणसाने. बायकोच्या तोंडून त्याला ते का ऐकावं लागलं? इथल्या इंजिन शेडच्या फोरमनला मी बोलून ठेवलं होतं, बॉयलर धुण्याच्या कामावर जागा होती. माझी वरची खोलीही झाडून ठेवली होती. लोकांनी ज्याला खिडकीत पाहिलंय त्याला तुमच्याच गावात बॉयलर धुवावे लागले, तर ते तुला कसं बघवेल?

बेरिल अजून संध्याकाळी बाहेर येते म्हणे. नवा ड्रायव्हर आखूड शिट्टी मारतो आणि निघून जातो.

खोटं बोलले, ते बोलले. तुला पोर नाही आणि मला नवरा राहिला नाही, आपल्या दोघींना मिळून हा एकच. तो लडी उचलायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. चूक म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. तुझी वळली. कितीतरी दिवस मी तेच मनात घोळवतेय आणि तुझा राग राग करतेय.

एक दिवसाआड मी अजून दोन ताटं मांडते. सवय आहे. पाच लड्या या पत्राबरोबर पाठवते आहे.

तो माझी आठवण काढतो का?

लव्हिनिया

*

कॅल्डर
२ डिसेंबर

लव्हिनियावन्सं,

लड्या मिळाल्या. स्वेटरचा गळा झाला, बाह्या राहिल्यात.

तो इथल्याच शेडमध्ये लागला, बॉयलर धुण्यावर. पहिल्या दिवशी काजळी माखून आला आणि दारातच उभा राहिला, पाहुण्यासारखा. मी म्हटलं, "आत ये की, फरशी काय आज पहिल्यांदा घाण होतेय?" त्या गुरुवारनंतरचं हेच आमचं पहिलं बोलणं. मग म्हणाला, "तुला लाज नाही वाटत?" मी खरं सांगितलं. म्हटलं, वाटते, थोडी. चर्चमध्ये ड्रायव्हरची बायको म्हणून मिरवायची सवय होती. जाईल हळूहळू. तो हसला. किती दिवसांनी हसला.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर हे मी माझ्यापाशीच ठेवणार होते. आमच्या मागच्या ओसरीवरून रेल्वे यार्डाच्या तोंडाचा सिग्नलचा दिवा दिसतो. दिवस मावळायच्या सुमारास गाडी यायची वेळ झाली की तो कोट घालून तिथे खुर्ची टाकतो. मी शेजारी बसते. गेल्या मंगळवारी, दिव्याकडे बघत, माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं, "ओपल, काय आहे?"

मी म्हटलं, "लाल."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "आता हिरवा." त्याने मान हलवली, हात जरा वर केला आणि गाडी आत आली. तेव्हापासून रोज विचारतो. वन्सं, सव्वीस वर्षांत या माणसाने मला काही विचारलं असेल तर मीठ कुठे आहे आणि मोजे कुठे आहेत. माझ्या मालकीचं जगात एवढं एकच आहे, आणि ते मी कोणाला देणार नव्हते.

तो तुमची आठवण काढतो. रोज काढतो. कालही दालचिनीवरून काढली. मला अजून झोंबतं.

तरी शुक्रवारच्या गाडीने या. येताना वळणावर डाव्या खिडकीत बसा आणि बेरिल दिसली तर हात करा, मी करायला सांगितलंय म्हणून. ॲपल पाय आणा. मी तिसरी खुर्ची ओसरीवर काढून ठेवते. तो विचारेल, काय आहे. त्या एका वेळी मी गप्प बसेन आणि तुम्ही सांगा.

पण खरं सांगायचं.

ओपल